चिखलदऱ्याच्या पठारावर आकाशदर्शन आणि डोंगरमाथ्यावरच्या जुन्या वेधशाळा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही परतवाडा-अचलपूर भागातले काही हौशी आकाशनिरीक्षक. बहुतेक मास्तर, एक-दोन दुकानदार, एक एसटीतून निवृत्त झालेले काका. दसऱ्यापासून मे अखेरपर्यंत, अमावास्येच्या आगेमागे येणाऱ्या शनिवारी चिखलदऱ्याच्या पठारावर दुर्बिणी लावतो. येणारे लोक तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. वाचून या, म्हणजे रात्रीचा वेळ आभाळाकडे पाहण्यात जाईल.

चिखलदऱ्याची वेधशाळा नेमकी कुठे आहे? नकाशावर सापडत नाही.

सापडणार नाही, कारण ती नाहीच. इथे घुमट नाही, तिकीटखिडकी नाही, फिरतं छप्पर नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंचीचं पठार आहे, उत्तरेला मेळघाटचं जंगल आहे आणि त्या जंगलात दिवे जवळपास नाहीत. आमच्या दृष्टीने एवढं भांडवल पुरेसं आहे. एका शेतकऱ्याच्या मोकळ्या वावरात, त्यांच्या परवानगीने, दोन दुर्बिणी आणि सतरंज्या, एवढाच आमचा थाट. कोणीतरी "ऑब्झर्व्हेटरी टूर" असं लिहिलेला संदेश फिरवतं आणि लोक नागपूरहून मोठी इमारत पाहायला येतात. त्यांचा हिरमोड होऊ नये म्हणून हा प्रश्न सगळ्यात वर घेतला.

मग डोंगरावरची खरी, जुनी वेधशाळा पाहायची असेल तर?

कोडाईकनालला जा. तमिळनाडूतल्या पळणी डोंगरात २,३४३ मीटर उंचीवरची ही वेधशाळा सूर्याचा अभ्यास करते. १८९९मध्ये मद्रासच्या वेधशाळेचं काम तिथे हललं आणि १९०१पासून सूर्याची नियमित निरीक्षणं सुरू झाली. आज ती बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेकडे आहे. सूर्याचे शंभराहून जास्त वर्षांचे फोटो तिथे जपलेले आहेत. जगात असा संग्रह फार थोड्या ठिकाणी आहे.

ती का उभी राहिली हे वऱ्हाडातल्या माणसाला चटकन समजेल. १८७६ ते १८७८ या काळात दक्षिणेत भीषण दुष्काळ पडला. पाऊस का फसतो याचं उत्तर शोधताना काहींना वाटलं, सूर्यावरच्या डागांच्या कमी-जास्त होण्याशी पावसाचा संबंध असावा. तसं असेल तर सूर्यावर रोज नजर ठेवली पाहिजे, आणि त्यासाठी उंच, स्वच्छ हवेची जागा हवी. पावसाचं गणित त्यातून काही सुटलं नाही. पण सूर्याबद्दल जे कळलं ते मोठं होतं. १९०९मध्ये जॉन एव्हरशेड या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाला तिथेच दिसलं, की सूर्यडागांच्या कडेच्या भागात वायू आतून बाहेर वाहतो. भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत हा प्रवाह आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. हे नाव लक्षात ठेवा, पुढच्या उत्तरात ते परत येणार आहे.

एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. ही सूर्यवेधशाळा आहे, म्हणून भेट दिवसा असते. संग्रहालय आणि पडद्यावर पाडलेली सूर्याची प्रतिमा हे तिथलं आकर्षण. "रात्री शनीची कडी पाहू" म्हणून गेलात तर पंचाईत. पाहुण्यांच्या वेळा बदलत राहतात, निघण्याआधी संस्थेकडून खात्री करून घ्या. नागपूर, वर्धा किंवा बल्लारशाहवरून दक्षिणेची गाडी धरायची, मदुराईच्या अलीकडे कोडाईकनाल रोड नावाचं स्टेशन आहे, तिथून पुढे घाट.

रात्रीच्या दुर्बिणींसाठी तमिळनाडूतच जव्वादू डोंगरातलं कावलूर आहे. खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पू यांच्या नावाच्या त्या वेधशाळेत २.३४ मीटर व्यासाची दुर्बीण आहे. आणि ज्यांच्या अंगात रग आहे त्यांनी लडाखमधलं हानले गाठावं. साडेचार हजार मीटर उंची, श्वास लागतो, पण आभाळ असं की डोळे दिपतील.

विदर्भात खगोलशास्त्राचं काहीच जुनं नाही का हो?

आहे ना! आणि रेल्वेने जाताना तुम्ही त्याच्या शेजारून कित्येकदा गेलेले असाल.

धामणगाव आणि पुलगावच्या मध्ये तळणी नावाचं छोटं स्टेशन लागतं. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकणातून शिरून सोलापूरकडच्या जेऊरवरून, वऱ्हाडातून, पार बिहारमधल्या बक्सरपर्यंत गेला होता. ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या मंडळींनी आपले तळ दोन जागी टाकले, एक बक्सरला आणि एक तळणीला. मुंबई इलाख्यात तेव्हा प्लेगने थैमान घातलं होतं. त्या काळात ही मंडळी समुद्र ओलांडून, पेट्या-कॅमेरे घेऊन आमच्या कापसाच्या मुलखात तंबू ठोकून बसली, आणि तेही जेमतेम दोन मिनिटांच्या अंधारासाठी.

तळणीच्या तळावर ॲनी माँडर आणि त्यांचे पती वॉल्टर माँडर हे ब्रिटिश खगोल अभ्यासक होते. ॲनीबाईंनी लहान भिंगाचा कॅमेरा आणला होता. ग्रहणात सूर्याभोवती जो पांढरा तेजोमंडल दिसतो, ज्याला करोना म्हणतात, त्याचा एक फार लांबवर गेलेला झोत त्यांनी टिपला. तोवर एवढा लांब झोत फोटोत सापडला नव्हता. त्याच तळावर सूर्याच्या वर्णपटाचे फोटो घेणारा आणखी एक माणूस होता, जॉन एव्हरशेड. हेच एव्हरशेड पुढे १९०७मध्ये कोडाईकनालला रुजू झाले आणि नंतर त्या वेधशाळेचे संचालक झाले. त्यांच्या नावाचा तो शोध लागण्याआधी अकरा वर्षं त्यांनी वऱ्हाडात सूर्य पाहिला होता, हे आमच्या शाळांमध्ये कोणी सांगत नाही.

तळणीला वेधशाळा नव्हती, तात्पुरता तळ होता. त्यामुळे घुमट-बिमट शोधत जाऊ नका. पण पॅसेंजरने जात असाल तर खिडकीतून पाटी तेवढी बघा.

आणखी एक धागा जाता जाता. त्याच ग्रहणासाठी जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजचे कावसजी दादाभाई नायगमवाला गेले होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून त्यांनी पुण्यात वेधशाळा उभारली होती. २० इंची आरशाची दुर्बीण, त्या काळची भारतातली सगळ्यात मोठी. १९१२मध्ये ती वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला रवाना झाली. म्हणजे आपल्या महाराष्ट्राची दुर्बीणही शेवटी त्याच डोंगरावर चढली.

तुमच्या कार्यक्रमाला कधी यावं?

तिथी पाहा. तारखेला आमच्याकडे किंमत नाही.

आकाशगंगा, तारकागुच्छ, तेजोमेघ (वायू-धुळीचे ढग) पाहायचे असतील तर अमावास्येच्या आधीचे चार-पाच दिवस उत्तम. चंद्र पाहायचा असेल तर शुद्ध पंचमी ते अष्टमी. तेव्हा उजेड-अंधाराच्या रेषेवर चंद्रावरच्या विवरांच्या सावल्या लांब पडतात आणि दुर्बिणीतून खड्डे अक्षरशः हाताला लागतील असे दिसतात. चंद्र रोज साधारण पाऊण-एक तास उशिरा उगवतो. वद्य अष्टमीला तो मध्यरात्रीच्या आसपास वर येतो, तोवर काळोख आपलाच.

दरवर्षी कोणीतरी आग्रह धरतं, "कोजागरीला ठेवा ना कार्यक्रम, दूधही होईल!" दूध जरूर प्या. पण पौर्णिमेच्या लख्ख उजेडात तारे बुडून जातात, आणि ऊन समोरून पडल्याने चंद्रही सपाट दिसतो, सावल्याच नसतात. आकाशदर्शनासाठी वर्षातली सगळ्यात वाईट रात्र निवडायची झाली तर आम्ही तीच निवडू.

ऋतूंचं म्हणाल तर जून ते सप्टेंबर आम्ही दुकान बंद ठेवतो. पठारावर तेव्हा ढगच राहायला येतात. दसरा ते दिवाळी हवा धुतलेली असते, तो काळ आमचा सगळ्यात लाडका. डिसेंबर-जानेवारीत आभाळ सुंदर, थंडी मात्र हाडात शिरते. मार्च-एप्रिलमध्ये खालच्या मैदानातली धूळ वर येते आणि जंगलात वणवे लागले तर धूरही. मे महिन्यात सगळे उन्हाने हैराण असतात, पण वर रात्री गार वारा सुटतो आणि दक्षिणेचं आकाश तेव्हाच खुलतं.

किती वाजता पोचायचं? किती वेळ चालतं?

दिवस असताना पोचा. अंधारात गाडी वावराशी आणली की हेडलाइटने सगळ्यांच्या डोळ्यांची वाट लागते. सूर्यास्तानंतर खरा काळोख पडायला सव्वा तास तरी लागतो. डिसेंबरमध्ये सातला सुरुवात होते, मेमध्ये सव्वाआठच्या पुढे. बारापर्यंत चालतं, हट्टी लोक पहाटेपर्यंत थांबतात.

काय काय दिसते जी?

महिन्यावर आहे.

ऑक्टोबर-नोव्हेंबरला संध्याकाळी नैर्ऋत्येला धनू आणि वृश्चिक मावळत असतात, म्हणजे आपल्या आकाशगंगेचा केंद्राकडचा दाट भाग. डोक्यावर हंस, अभिजित, श्रवण. जरा रात्र चढली की शर्मिष्ठा आणि देवयानी. देवयानीतली दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा दुसरा प्रचंड समूह, आमच्या पठारावरून नुसत्या डोळ्यांनी धूसर ठिपक्यासारखी दिसते. तो उजेड निघाला तेव्हापासून २५ लाख वर्षं झाली, हे सांगितल्यावर एका आजीबाई म्हणाल्या, "मंग तं ते आता तिथं हाय का नाई, कोनाले मालूम!" याहून चांगला प्रश्न आम्हाला कोणी विचारलेला नाही.

डिसेंबर ते मार्च म्हणजे मृग, रोहिणी, कृत्तिका, व्याध. मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ दुर्बिणीतून पाहून लोक गप्प होतात. फेब्रुवारीच्या मध्याला रात्री नऊच्या सुमारास दक्षिण क्षितिजावर अगस्त्य पाहा, आपल्या अक्षांशावरून तो क्षितिजापासून जेमतेम सोळा अंश वर चढतो. एप्रिल-मे मध्ये सप्तर्षी उत्तरेला ऐन भरात असतात. तेव्हाच दक्षिणेला त्रिशंकूचे चार तारे काही वेळ वर येतात, मेच्या मध्याला नऊच्या आगेमागे. दिल्लीवाल्यांना ते दिसणं अवघड, आपल्याला पठाराच्या कडेवरून दिसतात. अडचण एवढीच की दक्षिणेला खाली परतवाडा-अचलपूरचे दिवे आहेत, आणि त्रिशंकू नेमका त्या उजेडाच्या पट्ट्यात उभा राहतो. वीस वर्षांपूर्वी तो पट्टा एवढा रुंद नव्हता.

ध्रुवतारा कोणत्याही महिन्यात दिसतो. क्षितिजापासून तो जितके अंश वर, तितका आपला अक्षांश. चिखलदऱ्याला साधारण साडेएकवीस अंश. हात लांब करून मूठ धरली की दहा अंश, दोन मुठींवर थोडं शोधा.

ग्रह दरवर्षी जागा बदलतात, त्यामुळे त्यांचं वेळच्या वेळी सांगू. शनीबद्दल एक खूशखबर: २०२५मध्ये त्याची कडी आपल्याकडे धार करून होती, म्हणजे जवळपास दिसेनाशी झाली होती. आता ती दरवर्षी अधिक उघडत जाणार.

गावातले म्हातारे वेगळीच नावं सांगतात. ती चूक आहेत का?

चूक कशी असतील? ज्याला घड्याळ नव्हतं त्याने तारे जास्त निरखले. विदर्भातल्या गोंड समाजात सप्तर्षीचा चौकोन म्हणजे खाट, आणि मृगाचा पट्टा म्हणजे तिफण. पेरणी ज्याच्या डोक्यात, त्याला आभाळात तिफण दिसणारच. या नावांचा अभ्यासकांनी रीतसर अभ्यासही केला आहे. तुमच्या आजा-आजीला माहीत असलेली नावं लिहून आणा, आम्ही वहीत नोंदवतो. कोरकू गावांतली नावं गोळा करायचं काम तर फारच थोडं झालं आहे.

आमच्या वावरातून दिसत नाही का? एवढं वर कशाला यायचं?

दिसतं. उलट रब्बीत रात्रीच्या लाइनीवर गव्हाला, हरभऱ्याला पाणी द्यायला जाणारा शेतकरी वर्षभरात जेवढे तारे पाहतो तेवढे आमच्यातला एकही मास्तर पाहत नाही. तुमचं वावर गावापासून दोन-तीन किलोमीटर आत असेल, जवळ मोठा दिवा नसेल, तर तिथेच सतरंजी टाका. वर येण्याचा फायदा दोन गोष्टींत: हवेतली धूळ थोडी खाली राहते, आणि दुर्बीण व सांगणारा माणूस मिळतो.

दुर्बिणीतून फोटोतल्यासारखे रंग दिसतील ना?

नाही. हे आधीच सांगतो. फोटो तासन्‌तास उजेड साठवून काढलेले असतात. आपला डोळा अंधुक उजेडात रंग ओळखत नाही, त्यामुळे तेजोमेघ राखाडी, धुरकट दिसतो. आमची आठ इंची दुर्बीण डोळ्याच्या बाहुलीपेक्षा सुमारे आठशे पट उजेड गोळा करते, तरी दीर्घिका म्हणजे फिकट पुसट डागच. पण तो डाग तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असतो. शनी, गुरूचे चार चंद्र आणि आपला चंद्र हे मात्र पहिल्याच नजरेत जिंकतात. लहान मुलांना आधी तेच दाखवतो.

थेट समोर न पाहता जरा बाजूला नजर टाकली की अंधुक गोष्ट जास्त स्पष्ट दिसते. हे सांगूनही लोक विश्वास ठेवत नाहीत, करून पाहिल्यावर हसतात.

टॉर्च आणू का? मोबाइल चालेल का?

डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलची स्क्रीन ती एका क्षणात मोडते. तुमचीच नाही, शेजाऱ्याचीही. टॉर्चला लाल जिलेटिन कागद दोन पदरी गुंडाळून आणा. मोबाइलवर आकाशाचा नकाशा पाहायला स्टेलॅरियमसारखं ॲप चांगलं आहे, त्यात लाल रात्रपडद्याची सोय असते, ती लावा. फ्लॅशने सेल्फी काढणाऱ्याला आम्ही हाकलत नाही, पण पुढच्या वेळी बोलावत नाही.

ताऱ्यांचे फोटो हवेत? फोन स्टँडवर घट्ट बसवा, नाइट मोड किंवा प्रो मोडमध्ये दहा-पंधरा सेकंदांचं एक्सपोजर द्या, टायमर लावून हात काढून घ्या. आकाशगंगा येते.

रात्री वर भीती नाही ना? वाघ, अस्वल?

मेळघाट हा देशातल्या पहिल्या व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे, त्यामुळे "काही नाही हो" असं म्हणणार नाही. पठारावर, वस्तीजवळ, गटाने बसलेल्या माणसांकडे वाघ येत नाही. आम्हाला खरी काळजी अस्वलाची असते, आणि तीही मोहफुलं पडायच्या दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये. अस्वल मोहाखाली येतं आणि अचानक समोर माणूस आला की बिथरतं. म्हणून नियम सोपा: कुंपणाच्या बाहेर एकट्याने जायचं नाही, झाडीकडे तर नाहीच. लघवीला जायचं तरी दोघांनी. बायांसाठी वावराच्या मालकांच्या घरची संडासची सोय आहे.

जंगलातल्या रस्त्यांवर रात्री वाहतुकीचे निर्बंध असतात. सेमाडोह-हरिसालकडून येणार असाल तर नाक्यावर वेळ विचारूनच निघा.

गाविलगड किल्ल्यात कार्यक्रम घ्या, असं सुचवणारे बरेच असतात. कल्पना रोमांचक आहे खरी. बहमनी सुलतानाने बांधलेला, १८०३च्या डिसेंबरमध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीने मराठ्यांकडून घेतलेला तो किल्ला दिवसा पाहा, मनसोक्त पाहा. रात्री तिथे थांबायचं नाही.

कसं यायचं, काय घालायचं, काय खायचं?

मुंबई-नागपूर मार्गावर बडनेरा उतरा, तिथून अमरावती, तिथून परतवाडा सुमारे पन्नास किलोमीटर, पुढे तीसेक किलोमीटरचा घाट. एसटी मिळते. घाटात धुकं असेल तर घाई करू नका.

डिसेंबर-जानेवारीत तापमान एक आकडी होतं. नागपूरचं स्वेटर पुरत नाही. कानटोपी, मोजे, घोंगडी किंवा जाड चादर आणा. जमिनीवर पाठ टेकून पाहणाऱ्याला थंडी खालून लागते, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. ऑक्टोबरमध्ये दव पडतं, तेव्हा प्लास्टिकचा तुकडा अंगाखाली घ्या.

जेवण आम्ही देत नाही, पण वावराच्या मालकीणबाई सांगून ठेवलं तर भाकरी-पिठलं, कधी रोडगे-वांग्याची भाजी करतात. त्याचे पैसे थेट त्यांनाच द्यायचे. आणि चिखलदऱ्याची रबडी खाल्ल्याशिवाय घाट उतरू नका, हा खगोलशास्त्राबाहेरचा सल्ला.

दारू पिऊन आलात तर परत पाठवू. यावर चर्चा नाही.

उल्कावर्षाव कधी पाहायला मिळेल?

ऑगस्टच्या ययाती समूहाच्या उल्कावर्षावाची बातमी पेपरात येते आणि लोक फोन करतात. ऑगस्टमध्ये आमच्याकडे छत्री लागते. आपल्यासाठी खरा उल्कावर्षाव मिथुन राशीतला, १३-१४ डिसेंबरच्या रात्रीचा. चंद्र नसेल तर चांगल्या रात्री तासाला पन्नासच्या वरही दिसतात. याला दुर्बीण लागत नाही, उलट ती अडचणच. आडवं पडायचं आणि जास्तीत जास्त आभाळ नजरेत ठेवायचं.

ग्रहणाला कार्यक्रम असतो का?

असतो. ३१ डिसेंबर २०२८च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण आहे, रात्री साडेदहाच्या आसपास ऐन मध्यावर. नववर्षाची पार्टी करणाऱ्यांना तांबडा चंद्र फुकटात. २ ऑगस्ट २०२७ला खंडग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसणार आहे, पण तो श्रावणाच्या आसपासचा काळ, ढगांची मर्जी.

सूर्याकडे पाहायचं तर प्रमाणित ग्रहणचष्माच. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, पाण्यातलं प्रतिबिंब, यांतलं काहीही सुरक्षित नाही. सगळ्यात स्वस्त आणि बिनधोक उपाय: पुठ्ठ्याला टाचणीचं भोक पाडा आणि खालच्या कागदावर सूर्याची प्रतिमा पाहा. चाळणीतून किंवा झाडाच्या पानांतून पडलेले कवडसे पाहिले तरी प्रत्येक कवडशात ग्रहण दिसतं.

गरोदर बाईने ग्रहणात भाजी चिरू नये वगैरे विचारलं जातं. चिरावी. आमच्या गटातल्या दोन बाई डबा घेऊन ग्रहण पाहायला आल्या होत्या, दोघींची लेकरं आता शाळेत जातात.

शून्य सावलीचा दिवस चिखलदऱ्याला कधी असतो?

मेच्या शेवटच्या आठवड्यात. नागपूरला २६ मेच्या सुमारास, चिखलदरा थोडं उत्तरेला म्हणून एक-दोन दिवस पुढे, लोणारला नागपूरच्या पाच-सहा दिवस आधी असतो. दुपारी बाराच्या पुढे उभ्या काठीची सावली पायथ्यातच नाहीशी होते. जुलैत हाच योग परत येतो, पण तेव्हा आभाळ झाकलेलं. शाळांना सुट्या असतात ही खंत आहे, पोरांना घरीच काठी रोवायला सांगा.

चिखलदरा चांगलं की पेंच? की लोणार?

ज्याच्या जवळ जे. पेंचला मात्र एक खास गोष्ट घडली आहे. जानेवारी २०२४मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभरावर दिवे बदलून खाली तोंड असलेले लावले. गावं अंधारात गेली नाहीत, फक्त उजेड आभाळात जायचा तो रस्त्यावर पडायला लागला. आमच्याकडे उलट चालू आहे. प्रत्येक रिसॉर्टला वर तोंड केलेला पांढरा झोत हवा असतो आणि प्रत्येक चौकाला हायमास्ट. ग्रामपंचायतीत हे बोललो तर "लाइट आली तं तुमाले काहून तरास?" असं ऐकावं लागतं. त्यांचंही बरोबर, कित्येक वर्षं अंधारात काढलेल्या गावाला दिवा नको म्हणणारे आम्ही कोण? आम्ही फक्त दिव्यावर टोपी मागतो.

लोणारला उल्केच्या आघाताने झालेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर दिवसा पाहण्याचं ठिकाण आहे. आकाशातून आलेल्या दगडाने काय होतं ते पोरांना दाखवायचं तर यापेक्षा चांगला वर्ग नाही.

चष्मा लागला हाय, दिसन का मले?

दिसेल. जवळ-दूरचा नंबर दुर्बिणीच्या फोकसनेच भरून निघतो, त्यामुळे बहुतेकांना चष्मा काढूनही छान दिसतं. चष्मा तिरप्या नंबरचा असेल तर घालूनच पाहा. गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्ची ठेवतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले आजोबा तर सगळ्यात खूश होतात.

मुलाला दुर्बीण घ्यायची आहे. कोणती घेऊ?

"५०० पट मोठं दाखवते" असं खोक्यावर लिहिलेली घेऊ नका. पट वाढवून काही होत नाही, आरशाचा किंवा भिंगाचा व्यास महत्त्वाचा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे न हलणारं स्टँड. पहिल्या वर्षी १०×५०ची (दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची) साधी द्विनेत्री घ्या. कृत्तिका, देवयानी, चंद्र, गुरूचे चंद्र सगळं दिसतं, आणि छंद टिकला नाही तर शेतातल्या पक्ष्यांसाठी उपयोगी पडते. वर्षभर टिकला तर सहा किंवा आठ इंची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण. मधल्या काळात नागपूरच्या रमण विज्ञान केंद्राचं तारांगण दाखवून आणा, नक्षत्रांची ओळख तिथे लवकर होते.

शाळेची सहल आणता येईल का?

आणा, पण एका रात्री चाळीसच्या वर मुलं नकोत. दोन दुर्बिणींपुढे प्रत्येकाला नीट पाहायला मिळालं पाहिजे. पाचवीच्या खालच्यांना चंद्राच्या रात्री आणा, त्यांना काळोखात बसवून दीर्घिका दाखवण्यात अर्थ नाही, ती पेंगतात. आश्रमशाळांकडून काही घेत नाही. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, मोठ्या मुलांना नारायणगावजवळच्या खोडदला नेता आलं तर बघा. ४५ मीटर व्यासाच्या तीस रेडिओ दुर्बिणींचा तो प्रकल्प त्या सुमारास लोकांसाठी खुला असतो. विदर्भातून लांब पडतं, तरी जायला हवं.

कुंडली पाहता का?

नाही. शनी दाखवतो, साडेसाती काढत नाही.

ढग आले तर?

गप्पा मारतो, तळणीची गोष्ट सांगतो, दुर्बीण उघडून आतला आरसा दाखवतो. दहापर्यंत उघडलं नाही तर घरी. वर्गणी त्या रात्रीची परत, किंवा पुढच्या अमावास्येला जमा. पाऊस असेल तर दुपारी तीनपर्यंत गटावर संदेश टाकतो, तो पाहूनच घाट चढा. नावं देताना किती लहान मुलं आहेत आणि जेवण हवं की नको एवढं कळवा, भाकरीचं पीठ मालकीणबाईंना आदल्या दिवशी दळून आणावं लागतं.